सरकारी वकिलाच्या जागी कोण?

दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात फौजदारी खटला पुकारला जातो. फिर्यादी, साक्षीदार हजर असतात, पण सहायक सरकारी अभियोक्ता उपलब्ध नसतो. अशा वेळी जिल्हादंडाधिकारी त्या खटल्यापुरती ‘अन्य कोणत्याही व्यक्ती’ची नेमणूक करू शकतात. ही सोय १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९ ने त्यासाठी राज्य शासनाला १४ दिवसांची नोटीस देणे आवश्यक केले आहे.

हा अंकुश स्वागतार्ह वाटतो. विशेष सरकारी वकिलाला दहा वर्षांच्या वकिलीची अट आहे. या बदली अभियोक्त्याला तशी अट कलमात नाही. पोलीस अधिकाऱ्याचीही निवड होऊ शकते. मात्र तो निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसावा आणि त्या गुन्ह्याच्या तपासात त्याने कोणताही भाग घेतलेला नसावा. ही दुसरी अट फार मोलाची. ज्याने आरोपीला पकडले, त्यानेच पुरावा निःपक्षपणे तोलावा, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. अभियोक्ते पोलीस खात्याच्या अधिकाराखाली नसावेत, त्यांचा स्वतंत्र विभाग असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली महाराष्ट्रातीलच शहाणे खटल्यात बजावले होते.

तथापि, कायम पदे वेळेवर भरली नाहीत, तर तात्पुरती सोय हीच रीत होऊन बसते. तोवर जामिनाची ऐपत नसलेला कच्चा कैदी कोठडीत राहतो, आणि साक्षीदार रोजंदारी बुडवून पुढच्या तारखेला पुन्हा येतो.