कर्ज तिच्या नावावर, दूध कुणाच्या?



गरीब बाईला दुभतं जनावर दिलं की घर सावरतं, हा विचार जुनाच आहे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात १९८० पासून देशभर थोडं अनुदान आणि बाकी कर्ज अशा रीतीने गायी-म्हशी वाटल्या गेल्या. २००६ साली विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज आलं, त्यातही गायी होत्याच.

अशीच संकरित गाय मिळालेल्या एका बाईंना मी कोरडवाहू गावात भेटले. जमीन नाही, गायरानावर अतिक्रमण. वैरण विकतची, पाणी लांबून डोक्यावर आणायचं. गायीपायी त्यांची मजुरी बुडाली. कर्ज त्यांच्या नावावर, डेअरीचं खातं मात्र नवऱ्याच्या. गाय आटली तेव्हा त्यांनी ती पडत्या भावात विकली. हप्ते उरले. सरकारदरबारी मात्र त्या ‘लाभार्थी’च राहिल्या.

म्हणजे अशा योजना बंदच कराव्यात का? मला तसं वाटत नाही. २०१५ साली सहा देशांतल्या अशा प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपला पश्चिम बंगालही होता. जनावरासोबत काही महिने घरखर्चाला पैसे, प्रशिक्षण, बचत आणि नियमित भेटी मिळाल्या, तिथे मदत थांबल्यावर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी कुटुंबांची स्थिती सुधारलेली दिसली. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि फायदा टिकला नाही. नुसतं जनावर पुरत नाही, हेच यातून दिसतं.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. गाय घ्यायची की शेळ्या, हे तिला ठरवू द्या. पहिलं उत्पन्न हाती येईपर्यंत तिची मजुरी भरून द्या. शेळ्यांना पीपीआर आणि आंत्रविषाराची लस गावातच, वेळेवर मिळू द्या. विमा आणि डेअरीचं खातं तिच्याच नावावर असू द्या. गायरान मोकळं करा. आणि शेण-चारा-पाणी हे काम घरातल्या पुरुषांनीही करावं, हे आपण बैठकीत उघड बोलू या. नाहीतर तिच्या दिवसभराच्या कष्टांत आणखी एका जिवाची भर, एवढंच होईल.

वाटपाच्या दिवशी हार-तुरे होतात, फोटो निघतात. तुमच्या गावात असं वाटप झालं असेल, तर वर्षभराने त्या घरी जा. जनावर दावणीला आहे का आणि दुधाचा पैसा कुणाच्या हातात पडतो, हे तिलाच विचारा. तिचं उत्तर आम्हाला जरूर कळवा.