माहिती दफ्तरात, पालक अंधारात

प्रवेशाचा हंगाम सरत आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून एकच गाऱ्हाणे ऐकू येते: प्रथम वर्ष बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र वा सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेले विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या जसजशा लांबतात तसतसे निघून जातात, प्रात्यक्षिकांच्या तुकड्या घटतात, कार्यभार खाली येतो आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या सहकाऱ्याच्या पोटावर पहिला घाव बसतो. गाऱ्हाणे रास्त आहे. परंतु जो जातो त्याला आणि जी राहते तिला, ही पदवी एकंदरीत केवढ्याला पडते व पुढे कोठे नेते, हे प्रवेशाच्या वेळी आपण कधी सांगितले आहे काय?

माहिती नाही, अशी सबब सांगण्यास जागा नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणासाठी विद्यार्थ्यांची प्रवर्गवार व लिंगवार गणती आपण दरसाल करतो. नॅकच्या पाचव्या निकषासाठी नोकरीस लागलेल्यांची व उच्च शिक्षणास गेलेल्यांची यादी दाखल्यांसह जोडतो. राष्ट्रीय क्रमवारीत उतरणारी महाविद्यालये तर पदवीधरांच्या मध्यक वेतनाचा आकडाही कळवतात. नमुने निराळे, मुदती निराळ्या, तगादे निराळे! ही माहिती बेंगळुरूला पोहोचते, दिल्लीला पोहोचते. मात्र मुलीच्या अर्जावर सही करण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बापाच्या हाती त्यातले अक्षरही पडत नाही. एवढे नमुने मागवणाऱ्या अधिकाऱ्यांना, त्यांचा गोषवारा मराठीत माहितीपत्रकात छापा, असा एका ओळीचा हुकूम काढणे अद्याप सुचलेले नाही, ही गोष्ट अक्षम्य आहे.

2021-22 च्या सर्वेक्षणात विज्ञान शाखेतील 57.2 लाख विद्यार्थ्यांपैकी 29.8 लाख मुली होत्या. बारावीपर्यंत विनामूल्य असलेला एसटीचा पास पदवीला आल्यावर आपल्या राज्यातील मुलींना विकत घ्यावा लागतो; त्यावर वसतिगृह, प्रात्यक्षिक वही, अभ्याससहल आणि विभाग विनाअनुदानित असल्यास कितीतरी चढे शुल्क. एवढे सोसून हाती येणाऱ्या नुसत्या पदवीवर रोगनिदान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता येत नाही, त्यासाठी निराळी पदविका लागते. शिक्षक व्हावयाचे तर बी.एड.ची आणखी दोन वर्षे. उलट, राज्य वनसेवेच्या परीक्षेस वनस्पतिशास्त्राचा व प्राणिशास्त्राचा पदवीधर पात्र असतो, हे तृतीय वर्षापर्यंत अनेकांच्या कानी पडत नाही. आता चौथ्या वर्षाचाही प्रश्न आहे: संशोधनासह ऑनर्ससाठी विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम अध्यापक हवेत. ते आपल्याकडे आहेत की नाहीत, हे प्रवेशापूर्वीच सांगणे हा प्रामाणिकपणाचा किमान भाग होय.

आणि जे विभाग मूल्यांकन समिती यावयाच्या आठवड्यात माजी विद्यार्थ्यांना दूरध्वनी करून यादी उभी करतात, त्यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे की ही नोंद दरवर्षी निकालानंतर व्हावयास हवी, आणि ती समितीसाठी नव्हे, विद्यार्थ्यांसाठी.

तेव्हा बंधुभगिनींनो, हुकुमाची वाट पाहू नका! पुढील प्रवेशापूर्वी प्रत्येक विभागाने एक पृष्ठ मराठीत तयार करावे: तीन वर्षांचा सर्व खर्च, मिळू शकणाऱ्या शिष्यवृत्त्या, दाखल झालेले किती व उत्तीर्ण झालेले किती, आणि गेल्या तीन तुकड्यांतील पदवीधर आज काय करतात. आकडे अप्रिय असले तरी लपवू नयेत. ते पृष्ठ प्रवेश-अर्जाला जोडा, विभागाच्या फलकावर लावा आणि त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा. येईल ते प्रत्येक पृष्ठ आम्ही या मासिकात छापू.