वहाण कोणाची, नाव कोणाचे?

इटलीतील मिलान शहरी जून २०२५ मध्ये प्राडा या प्रख्यात कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन मांडले. तेथे चालून गेलेल्या तरुणांच्या पायांतील वहाण कोल्हापूरच्या कोणत्याही पोराने पाहताक्षणी ओळखली असती. कंपनीच्या वर्णनात मात्र ती केवळ चामड्याची सँडल होती. त्यात गावाचे नाव नव्हते, देशाचे नव्हते, कारागिराचे तर नव्हतेच. महाराष्ट्रात गदारोळ उडाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र धाडले, कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली, जुलैत तिची माणसे कोल्हापुरास येऊन गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांशी करार झाल्याचे प्रसिद्ध झाले. या दोन प्रांतांत २,००० जोड करवून घेऊन ते प्रत्येकी सुमारे ८०० युरोस, म्हणजे ८०,००० रुपयांहून अधिक किमतीस विकण्याचे ठरले.

या सर्व प्रकारात महाराष्ट्राची अस्मिता दुखावली असे जो तो सांगत होता. दुखावली असेल. परंतु ज्या समाजाला आज या वहाणेचा एवढा उमाळा आला, त्याने ती शिवणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले होते, आणि कित्येक गावांत अस्पृश्याने पायांत वहाण घालून सवर्णांच्या दारावरून जाणे हा अपराध मानला जात होता, याचे स्मरण त्या गदारोळात फारच थोड्यांना झाले. चांगली वस्तू अंगावर घालणे ही आमच्या लोकांना केवळ हौस कधीच नव्हती. १९२८ साली इंदूर भागातील बलाई लोकांना तेथील सवर्णांनी जी फर्माने काढली, त्यांत जरीच्या काठाची पगडी घालू नये व रंगीत काठाचे धोतर नेसू नये अशी कलमे होती. बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात हा वृत्तांत मुद्दाम दिला आहे. पुरुषाची पगडी, धोतराचा काठ, पायांतील वहाण, कमरेचा पट्टा हे विषय क्षुल्लक वाटतात ते ज्यांना कोणी कधी अडविले नाही त्यांना.

आमच्या बहुसंख्य वाचकांच्या घरी रापी आणि आरी नव्हती, हे खरे. परंतु ढोर ओढावे महाराने, कातडे कमवावे ढोराने आणि वहाण शिवावी चांभाराने अशी ती साखळी होती, आणि तिची पहिली कडी आमच्याच आजोबांच्या गळ्यात होती. महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून बाबासाहेबांनी ती तोडावयास सांगितले. त्यामुळे उत्पन्न बुडेल असा हिशेब मांडणारे तेव्हाही होते. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी या हिशेबाचा यथेच्छ समाचार घेतला. गुजरातेत ऊना तालुक्यात जुलै २०१६ मध्ये मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना बेदम मारहाण झाली. त्यानंतर तेथील कित्येक दलितांनी ढोरे उचलण्याचे नाकारले, आणि एप्रिल २०१८ मध्ये त्या पीडित कुटुंबाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. साखळी अजून ठिकठिकाणी शाबूत आहे.

मग प्रश्न असा येतो की, नव्याने धम्मात आलेल्या ज्या घरात बाप अजून चामड्याचे काम करतो, त्याने ते टाकावे काय? काही उत्साही मंडळी होय म्हणतात, व सम्यक् आजीविकेचा दाखला देतात. हा दाखला टिकत नाही. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे तथागतांनी सांगितले ते शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. त्यांत कातडे नाही. उलट विनयपिटकातील महावग्गात चामडे व वहाणा यांवर एक संपूर्ण खंधक आहे. सोण कोळिवीस नावाचा श्रीमंताचा मुलगा भिक्खू झाला. चंक्रमण करता करता त्याचे तळवे फुटून रक्त आले. भगवंतांनी त्याला एकपदरी वहाणेची अनुज्ञा दिली. तो म्हणाला, एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता वहाणेत गुंतलो असे लोक म्हणतील. सर्व संघाला अनुज्ञा असेल तरच मी घालीन. तेव्हा ती सर्वांना मिळाली. त्याच खंधकात, एका भिक्खूने कातड्याच्या लोभाने वासरू मारविले म्हणून त्याची निर्भर्त्सनाही आहे. म्हणजे निषेध हिंसेचा व लोभाचा आहे, वहाण शिवणाऱ्याचा नव्हे.

टाकावयाचे ते बलुते, काम नव्हे. आपल्या मर्जीने, आपल्या ठरविलेल्या दराने आणि नको वाटल्यास सोडून देण्याच्या मोकळिकीने जे केले जाते तो धंदा. ज्याला सोडावयाचा आहे त्याला कोणी परंपरेच्या नावाने अडवू नये. हस्तकला वाचली पाहिजे असा टाहो फोडणाऱ्यांची मुले ती कला शिकावयास जात नाहीत, हे आम्ही पाहतोच.

त्या कामाची योग्यता मात्र जाणली पाहिजे. अस्सल कोल्हापुरी वहाणेस खिळा लागत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमावतात. कसदार, जाड असे म्हशीचे कातडे तळाला घेतात. थर एकमेकांवर बसवून ते सुताने नव्हे तर चामड्याच्याच वादीने शिवतात. वरच्या पट्ट्यावरील बारीक वेणी पुष्कळ घरी बायकाच विणतात, आणि मजुरीच्या हिशेबात ती वेणी बहुधा पुरुषाच्या नगात जमा होते. कापशी, पुकरी, बक्कलनाळी अशी नावे गिऱ्हाइकांना पाठ असतात. ज्या हातांनी ती घडविली त्यांचे नाव दुकानाच्या पाटीवर नसते. धारावीत पट्टे, पाकिटे आणि पिशव्या करणाऱ्यांची तऱ्हा तीच. माल त्यांचा, शिक्का दुसऱ्याचा.

महाराष्ट्रात २०१५ साली गोहत्याबंदी बैलांपर्यंत वाढविण्यात आली, आणि धारावीच्या चामडे बाजारास जबर फटका बसला. म्हैस या कायद्यात नाही. पण कातड्याची गाडी अडविणाऱ्या जमावाला तो भेद समजून घेण्याची निकड नसते. या पडझडीनंतर मुंबईतील चित्रकार सुधीर राजभर यांनी तेथील कारागिरांना घेऊन टाकाऊ रबरापासून पिशव्या करण्याचा उद्योग उभारला आणि त्यास ‘चमार’ हेच नाव दिले. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द मानाने मिरवावा, असा त्यांचा हेतू. हेतूविषयी आदर ठेवूनही आम्हांस हा मार्ग पटत नाही. ‘मुक्ती कोन पथे?’ या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी नावाच्या बदलास केवढे महत्त्व दिले ते आम्ही विसरू शकत नाही. तथापि कारागिराला पुढे आणून मालावर त्याचा हक्क सांगण्याची त्यांची रीत अनुकरणीय आहे.

कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे आठ जिल्हे त्यात आहेत, आणि नोंदणीचे धनी संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ व कर्नाटकाचे तसेच महामंडळ ही दोन आहेत. प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली ती याच कारणाने, की अर्जदार त्या नोंदणीचे धनी नव्हते. १९९९ च्या कायद्यात मात्र एकेका कारागिरासही अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदविता येते, आणि ते नोंदविलेल्यास नक्कल करणाऱ्याविरुद्ध दावा लावण्याचा अधिकार मिळतो. नोंदणीचे कार्यालय चेन्नई येथे आहे. या आठ जिल्ह्यांत ज्यांच्या घरी हे काम चालते, त्यांच्या शिकलेल्या मुलामुलींनी तो अर्ज या महिन्यातच भरावा, आणि बापाच्या अर्जाबरोबर वेणी विणणाऱ्या आईचा अर्ज वेगळा भरावा.