'कोबाल्ट ब्लू'मधला तनय आज भंडाऱ्यात असता तर?

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ची. पुण्यातला तनय घरच्या पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतो. तो तनयच्याच बहिणीसोबत, अनुजासोबत, पळून जातो. तनयला घरात धड रडताही येत नाही.

आज भंडाऱ्यातल्या तनयकडे फोन आहे. डेटिंग ॲपवर माणसं सापडतात, पण बरीचशी साठेक किलोमीटरवर, नागपुरात. (घरी काय सांगून बस पकडायची?) भीती मात्र नवी आहे: स्क्रीनशॉटची. "घरी पाठवीन" म्हणत पैसे मागितले जातात.

प्रौढांचं संमतीचं समलिंगी नातं सुप्रीम कोर्टाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालापासून गुन्हा नाही. अशी खंडणी मात्र गुन्हाच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. तक्रार सायबर पोलिसांकडे करता येते. अडचण एकच: जे घरी सांगितलेलं नाही, ते आधी ठाण्यात सांगावं लागतं.