संसार मोडला तरी मुलांचं छप्पर मोडू नका

खामगाव आणि आसपासच्या ताई-दादांनो,

नवरा-बायकोचं पटेनासं झालं की आपल्याकडे आधी बैठक बसते. मामा, काका, गावातले चार जाणते येतात. बोलणं ताणत जातं आणि शेवटी कुणीतरी स्टॅम्प पेपर काढतो. एवढी रक्कम दिली, एवढे दागिने परत केले, यापुढे कुणाचा कुणावर हक्क नाही, असं लिहून सह्या होतात. फारकत झाली, असं समजून सगळे घरी जातात.

माझी पहिली विनंती याच कागदाबद्दल आहे. त्याच्यावर विसंबू नका. हिंदू विवाह कायद्याखाली, जातीत सिद्ध करता येईल अशी जुनी रूढी नसेल, तर घटस्फोट कोर्टाच्या हुकुमानंच होतो. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते कायद्यात टिकत नाही. ‘पोटगी मागणार नाही’ असं बैठकीत लिहून घेतलेलं वाक्यही कोर्ट सहसा बंधनकारक मानत नाही. म्हणजे फसतात दोघंही. बैठकीत जरूर ठरवा; पण जे ठरलं ते परस्पर संमतीच्या अर्जात कलमवार लिहून कोर्टापुढे ठेवा. मग त्या ठरावाला कोर्टाच्या हुकुमाचं बळ येतं.

आता घराचं. घटस्फोट झाला की बायकोला अर्धं घर मिळतं, असा समज बऱ्याच जणांचा आहे. महाराष्ट्रात तसं नाही. शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून नवरा-बायको मालमत्तेचे निम्म्याचे वाटेकरी धरले जातात. आपल्याकडे मात्र कागदावर नाव ज्याचं, त्याचं घर. सासऱ्याच्या नावावरच्या घरात सुनेला मालकी नसते. पण लग्न कायम असेपर्यंत तिला त्या घरात राहण्याचा हक्क असू शकतो. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचं ‘सामायिक घर’ ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा प्रकरणात सांगितलं. म्हणून ताई, रागाच्या भरात कुणी ‘निघ’ म्हणालं म्हणून लगेच निघू नका. मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर मात्र थांबू नका. आधी सुरक्षित ठिकाणी जा आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार द्या. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कोर्ट राहण्याची सोय किंवा भाड्याचे पैसे द्यायला लावू शकतं. लक्षात ठेवा, हा हक्क राहण्याचा आहे आणि घटस्फोटानंतर त्यावर टिकून राहणं अवघड जातं. राहायचं कुठे, हे घटस्फोटाच्या आधीच ठरलं पाहिजे.

घर दोघांच्या नावावर असेल तर साधारण मार्ग तीन. विकून पैसे वाटून घ्या, एकानं दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्या, किंवा एकानं आपला हिस्सा दुसऱ्याला बक्षीस द्या. लग्न कायम असताना नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र झालं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र आहे; नोंदणी फी आणि स्थानिक कर वेगळे. घटस्फोटानंतर ही सवलत राहत नाही. घरावर कर्ज असेल तर बँकेलाही बोलणीत घ्या. तुमचा घटस्फोट झाला म्हणून बँक कुणाचं नाव कर्जातून आपणहून काढत नाही.

आपलं खामगाव चांदीचं गाव. लग्नात मुलीच्या अंगावर घातलेलं सोनं-चांदी हे तिचं स्त्रीधन आहे. त्यावर नवऱ्याचा किंवा सासूचा हक्क नाही. पावत्या, लग्नातले फोटो, भांड्यांची यादी माहेरी जपून ठेवा. वस्तू परत घेताना यादी करून दोघांच्या सह्या घ्या.

पोटगीच्या बाबतीत आपल्या विदर्भातूनच गेलेला एक खटला देशभर कायदा होऊन बसला आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये बायकोनं स्वतःसाठी आणि बाळासाठी अर्ज केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा निकाल लागला. सात वर्षं गेली होती. त्या निकालानं सांगितलं की दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज प्रतिज्ञापत्रावर उघड करायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. शेतीवर जगणाऱ्यांसाठी या प्रतिज्ञापत्राचा नमुनाही वेगळा आहे.

यातून घ्यायचं ते एवढं: अर्ज लांबवू नका, कारण पोटगीचे महिने अर्जापासून मोजले जातात. आणि कागद गोळा करा. सातबारा, ८ अ, बाजार समितीतली कापूस-सोयाबीनची हिशेबपट्टी, पगाराची स्लिप, पीक कर्जाचा उतारा, मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्या. ‘शेती तोट्यात आहे’ आणि ‘त्याच्याकडे भरपूर आहे’ या दोन्ही वाक्यांना कागदाशिवाय वजन नाही.

१ जुलै २०२४ पासून पोटगीच्या जुन्या कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. घटस्फोट झालेली, पुन्हा लग्न न केलेली आणि स्वतःचा खर्च भागवू न शकणारी बाईही त्याखाली पोटगी मागू शकते. मुस्लिम भगिनींनाही हा मार्ग खुला असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं १० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केलं. पोटगी थकली तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाका.

दादांनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. बायकोवरचा राग पोटगी थकवून काढला तर तो मुलांच्या ताटावर निघतो. शेत भावाच्या नावावर करून उत्पन्न लपवणं कोर्टात उघडं पडतं आणि तुमच्या खऱ्या अडचणीवरचाही विश्वास जातो. झेपेल तो आकडा प्रामाणिकपणे सांगा, तो दर महिन्याला बँकेतून द्या आणि नोंद ठेवा. हातात रोख दिलेली पोटगी नंतर सिद्ध करणं अवघड जातं.

आणि आई-वडिलांनो, लेकीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याआधी थांबा. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये पक्कं केलं. सासरचं दार बंद झालं तर तिला माहेरची एक खोली हक्काची असू द्या, उपकाराची नको.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कुणी घरी बसू नये. बाई आणि मूल यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खामगावच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. ताई, संकटात असाल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

बैठकीला बसाल तेव्हा पहिला प्रश्न ‘चूक कुणाची’ हा विचारू नका. मुलं कुठे राहतील, कुठल्या शाळेत जातील आणि त्यांचा खर्च कोण किती देईल, हे आधी ठरवा आणि लिहा. घराची आणि पैशाची वाटणी त्यानंतर करा.