फुकट मालाशी गाठ

ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या असूस कंपनीने ‘ईई पीसी’ नावाचा एक चिमुकला लॅपटॉप बाजारात आणला. पडदा ७ इंचांचा, वजन किलोभराहून कमी, साठवणूक अवघी ४ जीबी आणि अमेरिकेतील किंमत सुमारे ४०० डॉलर. जाणकारांनी त्यास खेळणे म्हणून हिणविले. परंतु काही महिन्यांतच त्याची विक्री लाखांच्या घरात गेली. एसर, एचपी, डेल या कंपन्याही त्याच वाटेने निघाल्या आणि अशा यंत्रांना ‘नेटबुक’ हे नाव रूढ झाले.

या यंत्रात विंडोज नव्हते. लिनक्स या मुक्त प्रणालीची एक आवृत्ती त्यात बसविलेली होती. त्यामागे तत्त्वनिष्ठेपेक्षा हिशेब अधिक होता. संगणक चालविणारी मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, ही यंत्र बनविणाऱ्याच्या दृष्टीने कच्च्या मालासारखीच खर्चाची एक बाब असते. त्या काळी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व्हिस्टाचा परवाना यंत्रामागे ५० ते ६० डॉलरला पडे, असे वृत्तपत्रीय अंदाज होते. हजार डॉलरच्या लॅपटॉपमध्ये हा खर्च सहा टक्क्यांच्या आत राहतो आणि कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. तोच ६० डॉलरचा परवाना ३०० डॉलरच्या यंत्रात घातला की एक-पंचमांश किंमत त्यातच जाते. स्वस्त मालात प्रत्येक खर्च उघडा पडतो, हे किराणा-कापडाच्या पेढीवर बसलेल्यांना वेगळे सांगावयास नको.

मायक्रोसॉफ्टची अडचण दुहेरी होती. व्हिस्टा इतकी जड होती की या किरकोळ ताकदीच्या यंत्रांवर ती धड चालेना. आणि २००१ सालची जुनी, हलकी विंडोज एक्सपी जून २००८ अखेर विक्रीतून काढून घेण्याचे आधीच जाहीर झालेले. एप्रिल २००८ मध्ये कंपनीने तो निर्णय स्वस्त यंत्रांपुरता फिरविला आणि एक्सपीची मुदत किमान जून २०१० पर्यंत वाढविली. नेटबुकसाठी तिचा भाव यंत्रामागे सुमारे १५ डॉलर ठेवल्याचे पुढे वृत्तपत्रांतून आले. बाद ठरविलेला माल गोदामातून पुन्हा काढून पाव किमतीत फळीवर मांडावा, तसाच हा प्रकार होता.

त्याची झळ ताळेबंदास लागली. ऑक्टोबर ते डिसेंबर २००८ या तिमाहीत विंडोज विभागाचे उत्पन्न ८ टक्क्यांनी घटले. जागतिक मंदी होतीच. परंतु ग्राहक नेटबुककडे वळल्याचे कारण कंपनीने स्वतःच नमूद केले. त्याच वेळी ५,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणाही झाली. एवढी तोशीस सोसून फळीवरची जागा मात्र परत मिळाली. अमेरिकेतील नेटबुकमध्ये विंडोजचा वाटा २००८ च्या पूर्वार्धात १० टक्क्यांहून कमी होता; फेब्रुवारी २००९ मध्ये तो ९६ टक्के झाल्याचे कंपनीने बाजार-पाहणीच्या आधारे सांगितले.

येथे एक प्रश्न उरतो. १५ डॉलर झाले तरी ते पैसेच. समोरचा माल तर फुकट होता. मग फुकट माल हरला कसा? एक उत्तर एमएसआय या दुसऱ्या तैवानी कंपनीच्या अनुभवात मिळते. लिनक्स असलेली आपली नेटबुके विंडोजच्या तुलनेत चौपट प्रमाणात परत येतात, असे तिच्या अधिकाऱ्याने २००८ मध्ये सांगितले होते. खोके उघडल्यावर ओळखीचा पडदा दिसत नाही, घरातला जुना प्रोग्रॅम चालत नाही, आणि ग्राहक दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. परत आलेल्या एका नगाची वाहतूक, तपासणी आणि पुन्हा बांधणी यांत त्या विक्रीचा नफा तर जातोच, वर पदरचेही जातात. शिवाय आपल्याकडील व्यापाऱ्याचा लेखनिक ज्या टॅलीवर रोजमेळ लिहितो, ती टॅलीही विंडोजसाठीच घडविलेली. तिथे प्रणालीचा भाव कोण विचारतो? फुकट माल दुकानदाराला फुकट पडत नव्हता, ही या सगळ्या प्रकरणातील खरी मेख आहे.

स्वस्त विंडोज देताना मायक्रोसॉफ्टने आणखी एक खबरदारी घेतली. पडदा साधारण १० इंचांपर्यंतच, मेमरी १ जीबीहून अधिक नको, अशा अटींत बसणाऱ्या यंत्रांनाच तो भाव मिळे. स्वस्त मालाने महाग मालाचे गिऱ्हाईक पळवू नये, यासाठी घातलेले हे कुंपण होय. पुढे ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आली. तिच्या ‘स्टार्टर’ आवृत्तीत एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालू देण्याचा मूळ बेत होता. टीका झाल्यावर तो सोडून दिला. पण पडद्यावरील चित्र बदलण्याची मुभा तरीही मिळाली नाही. पैसे मोजलेल्या ग्राहकाला स्वतःच्या यंत्रावर मुलांचा फोटो लावता येऊ नये, ही काटकसर मात्र अनाकलनीय म्हणावी लागेल.

कुंपण मजबूत असले तरी वाट दुसरीकडून निघाली. २०१० मध्ये आयपॅड आला आणि लहान यंत्राची हौस तिकडे वळली. जून २०११ मध्ये एसर व सॅमसंग यांची क्रोमबुके विक्रीस आली. त्यांतील गूगलची क्रोम ओएस लिनक्सच्याच पायावर उभी आहे. यंत्र बनविणाऱ्यांकडून परवान्याचे पैसे घेण्याची गूगलला निकड नव्हती. तिचे मोठे उत्पन्न जाहिरातींचे. त्यातच अमेरिकेतील शाळांनी ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर उचलली, कारण शेकडो यंत्रांची देखभाल एकाच ठिकाणाहून करता येई.

फेब्रुवारी २०१४ मध्ये पुन्हा एक बातमी आली. २५० डॉलरहून कमी किमतीत विकल्या जाणाऱ्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज ८.१ चा परवाना ५० डॉलरवरून खाली आणला होता. नवा भाव होता १५ डॉलर.