शड्डू

मागच्या चैत्रात गावच्या जत्रेला गेलो होतो. दरवर्षी जमतंच असं नाही. रिलीज, डेडलाईन, काहीतरी आडवं येतंच आणि मग आईला फोनवर "पुढच्या वर्षी नक्की" असं सांगून मी मोकळा होतो. या खेपेला मात्र शुक्रवारी रात्रीच गाडी काढली. बारामती सोडलं की इंदापूरच्या रस्त्याला भवानीनगरचा कारखाना, सणसर, बेलवाडी, लासुर्णे... दोन्हीकडे ऊसच ऊस. तुकोबांची पालखी याच रस्त्याने जाते. आमचं गाव इथेच कुठेतरी आत आहे, एवढं पुरे.

दुपारी कुस्त्यांचा फड. हलगी कडाडत होती, फेटे बांधलेली मंडळी पुढे बसलेली. अधेमधे पुकारणाऱ्याने माईकवर सांगितलं, "आता मुलींची कुस्ती!" गर्दीत खसखस पिकली. माझ्या शेजारच्या दोघातिघांनी मोबाईल बाहेर काढले आणि ते कशासाठी काढले हे सांगायची गरज नाही.

दोघी पंधरा-सोळाच्या असतील. टी-शर्ट, ट्रॅकपँट, केस कापलेले. त्यातल्या एकीने माती कपाळाला लावली आणि असा खणखणीत शड्डू ठोकला की माझ्या मागचं हसणं मध्येच थांबलं. तीनेक मिनिटं झटापट चालली. मग तिने खाली वाकून पट काढला आणि समोरचीला चीत केलं. "पोरगी कुणाची रं?" पलीकडच्या म्हाताऱ्याने विचारलं. हाच प्रश्न आमच्याकडे मुलींच्या बाबतीत एरवी कसल्या सुरात विचारला जातो ते तुम्हाला माहीत असेल. या वेळी सूर वेगळा होता. म्हाताऱ्याने कोपरीतून पन्नासची नोट काढून तिला बक्षीस पाठवली.

मला तेव्हा माझ्या चुलत बहिणी आठवल्या. पाय पसरून बसू नकोस, मोठ्याने हसू नकोस, मान खाली घालून चाल. त्यांना लहानपणापासून हेच ऐकावं लागलं. आणि कुस्तीत पहिल्याच दिवशी काय शिकवतात? पाय फाकवून उभी राहा, नजर समोरच्यावर ठेव, धर, ढकल, पड आणि परत ऊठ. म्हणजे घरी शिकवलेलं सगळंच उलटं! मुलीला कुस्तीने मोकळं केलं असं मी म्हणतो ते या अर्थाने. पदक वगैरे फार पुढच्या गोष्टी झाल्या.

इराणमधल्या मुलींचे पार्कूरचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. डोक्याला रुमाल बांधून भिंतींवरून, जिन्यांवरून उड्या मारतात. 2022 च्या ऑक्टोबरात सोलच्या आशियाई स्पर्धेत इल्नाझ रेकाबी हिजाबशिवाय भिंत चढली तेव्हा जगभर बातमी झाली. आपण असं काही बघितलं की हळहळतो, "बिचाऱ्या" म्हणतो आणि पुढे सरकतो. आपल्याकडे तसा कायदा नाही हे खरं. पण गावातल्या तालमीत मुलगी गेलेली तुम्ही किती वेळा पाहिलीत? उंबरठ्यावर कुठे पाटी नसते, तरी ती आत जात नाही.

बरं, हे काही दंगल सिनेमानंतर सुरू झालेलं खूळ नाही. हमीदा बानू 1950 च्या दशकात पुरुष पैलवानांना उघड आव्हान द्यायची, "मला हरवा, मी लग्न करीन." मे 1954 मध्ये बडोद्याला तिने बाबा पैलवानाला दीड मिनिटाच्या आसपास चीत केलं. कोल्हापुरात, आपल्या कुस्तीच्या पंढरीत, तिने पुरुषाला हरवलं तेव्हा लोकांनी दगड मारले. पुढचा हिशेब बघा. पुरुषांची महाराष्ट्र केसरी 1961 ला सुरू झाली. महिलांची पहिली 2023 मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मधे बासष्ट वर्षं गेली! ऑलिंपिकला तरी कुठे घाई होती... महिला कुस्ती तिथे आली ती 2004 ला, अथेन्समध्ये.

हे सगळं मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "दोन वर्षांनी तिचं लग्न लावतील, मग कसली कुस्ती?" खोटं नाही. शिवाय तिला आखाड्यात आणणारा बहुतेक वेळा बापच असतो, म्हणजे दार उघडणारा तोच आणि बंद करणाराही तोच. आखाडा सुरक्षित असतो असंही नाही. 2023 मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगाट यांच्यासारख्या पदकविजेत्या मुली महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत जंतरमंतरवर बसल्या आणि 28 मे ला पोलिसांनी त्यांना अक्षरशः फरफटत नेलं. ऑलिंपिक पदक मिळवलेल्या बाईची ही गत, तर आमच्या गावच्या पोरीने कुणाकडे बघायचं?

म्हणूनच मला वाटतं, नुसत्या टाळ्या वाजवून भागणार नाही. तालमीत संध्याकाळचा एक तास मुलींचा, कपडे बदलायला एक बंद खोली आणि जमलं तर शिकवायला एखादी बाई, एवढं झालं तरी बापाची मर्जी फिरली म्हणून सगळं संपणार नाही. गावातल्या चार मुली एकदम येऊ लागल्या की एकीला घरी बसवणं अवघड जातं.

आणि एक राहिलंच. त्या दिवशी त्याच वयाच्या पोरांच्या कुस्तीला हजार रुपये इनाम होतं, या दोघींच्या कुस्तीला पाचशे. मला ते ऐकू आलं होतं. जत्रेची वर्गणी मी दरवर्षी पुण्यातून न चुकता पाठवतो, पावतीसुद्धा नीट ठेवतो, पण त्या पैशाचं काय होतं हे कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही गप्पच बसलो.

पुण्याला परत आल्यावर मामाला फोन केला. म्हटलं, पुढच्या वर्षी माझी वर्गणी मुलींच्या इनामात टाका, दोन्ही आकडे सारखे करा. मामा जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "कमिटीत इषय काढून बघतो. पण तू ये बाबा त्या मीटिंगला, मी एकटा न्हाई बोलायचो."

आता जावं लागणार. असो, तुमच्या गावची जत्रा कधी असते?